घरच्या घरी, कमी खर्चात केक सजावटीचा सराव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केक सजवायला शिकणाऱ्या बहुतेकांचा सराव थेट केकवरच होतो. म्हणजे महिन्यातून एखाद्या वेळी, घाईगडबडीत आणि चुकलं तर चारचौघांसमोर. अशाने हात बसत नाही. हात बसण्यासाठी एकच शेल (शिंपल्यासारखा आकार), एकच पाकळी पन्नास वेळा काढावी लागते, आणि पन्नास वेळा काढायची तर सामान वाया जाण्याची धास्ती मनात असून चालत नाही. शिकणारी मंडळी मला सारखे विचारतात ते प्रश्न आणि त्यांची माझ्या परीने दिलेली उत्तरं इथे आहेत.

सरावाला केक लागतोच का?

नाही. गुळगुळीत आणि धुता येईल असा कुठलाही पृष्ठभाग चालतो. ताटाची उलटी बाजू, सुटी फरशी, पारदर्शक प्लास्टिकची फाइल, यांपैकी घरात जे असेल ते घ्या. त्यावर आयसिंग काढा, नीट निरखून बघा, स्पॅटुलाने (चपट्या पात्याच्या चमच्याने) खरवडून परत पायपिंग बॅगेत, म्हणजे आयसिंग दाबून काढायच्या निमुळत्या पिशवीत, भरा. या सगळ्या उत्तरांचं सार याच एका कृतीत आहे.

माझी आवड विचाराल तर पालथा घातलेला केकचा टिन. त्याला वरची कड मिळते, खालची कड मिळते आणि उभी बाजूही मिळते. केकच्या खालची बॉर्डर काढताना मनगट वाकवून, बॅग जवळजवळ आडवी धरून काम करावं लागतं. सपाट ताटावर महिनाभर सराव केलेल्या माणसालाही तो कोन नवखाच वाटतो. टिनवर तो पहिल्या दिवसापासून हाताखालून जातो.

पुन्हा पुन्हा वापरता येईल असं आयसिंग कशाचं करायचं?

शॉर्टनिंग म्हणजे साध्या तापमानाला घट्ट राहणारी पांढरी वनस्पती चरबी. ती 200 ग्रॅम, पिठीसाखर 400 ग्रॅम आणि पाणी 2 ते 3 मोठे चमचे. आधी नुसतं शॉर्टनिंग फेटून मऊ करा, मग साखर चाळून तीन-चार हप्त्यांत घाला आणि शेवटी पाणी चमच्याचमच्याने. शॉर्टनिंग रवाळ असेल तर कणी मोडेपर्यंत ते जास्त वेळ फेटावं लागतं. हे खायचं नसल्यामुळे पाव भाग साखरेऐवजी कॉर्नफ्लॉर घातलं तरी काम भागतं.

लोणी का नको, असं विचारतात. लोणी महाग पडतं हे एक. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. लोणी साधारण 32 ते 35 अंश सेल्सिअसला वितळतं आणि तळहाताची ऊब त्याच्या आसपासच असते. नवशिक्याचा हात बॅगेवर जास्त वेळ राहतो आणि जास्त दाबतो. दहा मिनिटांत बॅगेतलं बटरक्रीम सैल पडतं, पाकळ्या ओघळतात, आणि दोष हाताचा की आयसिंगचा हेच कळेनासं होतं. शॉर्टनिंगचं मिश्रण जास्त तग धरतं, त्यामुळे जी चूक दिसते ती खरोखर हाताचीच असते.

वर पापुद्रा धरला तर पाण्याचे चार-पाच थेंब घालून चमच्याने घोटा. मिक्सर नको, त्याने हवा शिरते.

मी व्हिप्ड क्रीमचेच केक करते. मग सरावही त्यावरच नको का?

शेवटी करायला हवाच, पण सुरुवात तिथून नको. फेटलेली क्रीम फार वेळा वापरता येत नाही. बॅगेतून एक-दोनदा बाहेर आली, खरवडली, पुन्हा भरली की तिच्यातली हवा मोडते. मग ती फुटल्यासारखी रवाळ दिसते आणि स्टारच्या, म्हणजे चांदणीसारख्या आकाराच्या, कडा दातेरी, फाटक्या येतात. क्रीमचा डबा असा सरावात घालवणं जिवावर येतं, आणि जपून जपून केलेल्या सरावाला अर्थ नसतो.

शॉर्टनिंगवर आकार बसू द्या. मग केकसाठी क्रीम फेटाल तेव्हा मूठभर बाजूला काढून ताटावर दहा मिनिटं हात फिरवा. फरक लगेच जाणवेल. क्रीम हलकी असते, तिला दाब निम्माच लागतो. ती थंडच हवी, म्हणून बॅगेत थोडीथोडीच भरा आणि उरलेली फ्रीजमध्ये ठेवा.

उकडलेल्या बटाट्यावर सराव होतो म्हणतात, खरं का?

होतो, आणि चांगला होतो. बटाटे गरम असतानाच कुस्करून बारीक चाळणीतून काढायचे, थोडं कोमट दूध किंवा पाणी घालून मऊ करायचे. एकही गाठ राहिली तर ती नोझलच्या (बॅगेच्या टोकाला बसवायच्या तोटीच्या) तोंडाशी अडकणार. मोठ्या स्टार नोझलने रोझेट (गोल फिरवून काढलेलं फूल) आणि शेल काढायला हा लगदा छान, शिवाय नंतर ओव्हनमध्ये भाजून खाताही येतो. मात्र मिक्सरमधून काढू नका, बटाटा चिकट डिंकासारखा होतो. बारीक अक्षरं आणि गुलाबाच्या पातळ पाकळ्या यावर जमत नाहीत, तो नाद सोडा.

शेव्हिंग फोम किंवा हँडक्रीम भरलं तर?

नको. फोमला घट्टपणा नसतो, त्यामुळे दाबाचा अंदाज चुकीचाच बसतो. आणि जी बॅग, जे नोझल उद्या खायच्या केकवर वापरायचं, त्यात न खाण्याची वस्तू जाऊच नये.

आयसिंग किती घट्ट हवं, हे ओळखायचं कसं?

बहुतेक अपयशाचं मूळ इथेच असतं. हात बरोबर असतो, आयसिंग चुकीचं असतं.

एका ग्लासात आयसिंग घ्या आणि त्यात लहान स्पॅटुला किंवा बटर लावायची सुरी उभी रोवा. ती ताठ उभी राहिली तर आयसिंग घट्ट आहे, हे गुलाबासारख्या उभ्या पाकळ्यांसाठी. थोडी कलली तर मध्यम, हे स्टार, शेल, रोझेट आणि बॉर्डरसाठी. पडायला लागली तर सैल, हे अक्षरं, वेली आणि पानांसाठी. घट्टवरून सैलकडे जाणं सोपं असतं, कारण कपभर आयसिंगला चमचाभर पाणी घातलं की एक पायरी खाली येते. उलट्या दिशेने साखर घालत बसावं लागतं आणि आयसिंग वाढतच जातं. म्हणून करताना घट्ट करा आणि लागेल तेवढंच वेगळं काढून सैल करा.

पाकळीची कड चिरल्यासारखी फाटत असेल तर आयसिंग फार कोरडं आहे. स्टारचे दात काढल्या काढल्या विरघळून गोल होत असतील तर सैल किंवा गरम आहे. रेघ मध्येच फट्कन तुटून बारीक भोक पडत असेल तर हवा आहे. अशा वेळी आयसिंग भांड्याच्या कडेला स्पॅटुलाने दाबून दाबून घोटा, बुडबुडे फुटताना दिसतात.

नोझलचा मोठा सेट घ्यावा का?

घेऊ नका. पन्नास नोझलच्या डब्यातली चाळीस वर्षभर तशीच पडून राहतात. पाच पुरेत. अक्षरांसाठी गोल 2 किंवा 3 नंबर, शेल आणि रोझेटसाठी मोठं स्टार 1एम, पाकळीसाठी 104, पानासाठी 352 आणि ठिपक्यांसाठी एखादं मोठं गोल, समजा 12. हे विल्टनचे क्रमांक आहेत. इतर अनेक कंपन्याही तेच आकडे वापरतात, पण आकारात थोडाफार फरक असतो, म्हणून घेताना तोंड बघून घ्या. स्वस्त नोझलचा सांधा जाड असेल तर आयसिंगवर एक ओरखडा उमटत राहतो. 104 मध्ये तो पाकळीच्या पार मधोमध दिसतो.

पायपिंग बॅग नसेल तर?

बटर पेपरचा कोन करा. चौकोनी कागद तिरका कापून त्रिकोण घ्या. लांब बाजूच्या मधल्या बिंदूवर टोक येईल असा एक कोपरा आत वळवा, दुसरा त्यावरून गुंडाळा, तिन्ही टोकं मागे एकत्र आणून आत दुमडा. अक्षरांसाठी तर नोझलही लागत नाही, टोक कात्रीने केसभर कापलं की झालं. जाड झिपची पिशवी कोपरा कापूनही चालते, पण तिची बाजूची शिवण जोराने दाबलं की उसवते. खूप सराव करणार असाल तर धुता येणारी एक कापडी बॅग घ्या, ती अनेक वर्षं टिकते.

माझे शेल एकसारखे का येत नाहीत?

कारण दाबणं आणि ओढणं एकाच वेळी होतंय. या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

आधी बॅग तपासा. ती निम्मीच भरलेली असावी. वरचा भाग पिळून, तो पीळ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात पकडायचा. दाब येतो तो त्या मुठीतून. दुसऱ्या हाताची बोटं फक्त नोझलला टेकवून दिशा देतात, तो हात दाबत नाही. दोन्ही हात दाबायला लागले की आयसिंग मधोमध फुगतं आणि वरून बाहेर येतं.

आता एक शेल सावकाश काढा. बॅग 45 अंशात तिरकी धरा, नोझल पृष्ठभागाच्या किंचित वर. दाबा आणि हलू नका. आयसिंग नोझलभोवती पंख्यासारखं पसरेल, फुगेल आणि नोझलला आपोआप थोडं वर उचलेल. ते उचललं गेलं की दाब हळूहळू सोडत नोझल स्वतःकडे खाली आणा. शेपटी निमुळती होईल. दाब पूर्ण थांबला की मगच नोझल बाजूला घ्या. पुढच्या शेलचं फुगीर डोकं आधीच्या शेपटीवर बसवा. नवशिके बहुतेक वेळा फुगायच्या आतच ओढतात, म्हणून शेलऐवजी सुरवंट तयार होतो. मी शिकवताना मनात आकडे मोजायला लावते: एक-दोनला दाब, तीनला सोड, चारला थांब. दहा शेल असे मोजून काढा, मग ओळीकडे लांबून बघा. कुठला मोठा झाला ते आपोआप दिसतं.

स्टार आणि ठिपके मात्र 90 अंशात, बॅग सरळ उभी धरून. दाबायचं, थांबायचं, मगच उचलायचं. न थांबता उचललं की वर शेपटी राहते.

गुलाबाचा सराव खिळ्याशिवाय करता येईल का?

गुलाब काढायचा खास खिळा नसला तरी सपाट डोक्याचा मोठा खिळा बाटलीच्या झाकणातून आरपार घातला की काम होतं. झाकणावर आयसिंगचा ठिपका देऊन बटर पेपरचा लहान चौकोन चिकटवा, गुलाब त्या कागदावर काढा.

104 नोझलचं रुंद टोक नेहमी खाली आणि अरुंद टोक वर. मध्ये शंकूसारखा उंचवटा काढा, त्याला एक पट्टी पूर्ण गुंडाळून कळी करा. मग तीन पाकळ्या, त्याबाहेर पाच, त्याबाहेर सात. पहिल्या ओळीत नोझलचं वरचं टोक आत कळीकडे झुकलेलं, दुसऱ्या ओळीत सरळ, तिसऱ्या ओळीत बाहेर. गुलाब उमलल्यासारखा दिसतो तो या झुकावामुळे, पाकळ्यांच्या संख्येमुळे नाही. सात पाकळ्यांत गोंधळ होत असेल तर आठवडाभर फक्त कळी आणि तीन पाकळ्या काढा. तेवढंही केकवर सुंदर दिसतं.

मी डावखुरी आहे. सगळं उलटं करायचं का?

खिळा फिरवण्याची दिशा उलटी. उजव्या हाताने काढणारे खिळा घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरवतात, तुम्ही काट्यांच्या दिशेने फिरवा. अक्षरं मात्र तुम्हालाही डावीकडून उजवीकडेच काढायची आहेत.

केकवर मराठी अक्षरं नीट येत नाहीत. काय करू?

या प्रश्नावर मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण शिकवणारे बहुतेक ठिकाणी इंग्रजीच्या जोडून काढलेल्या अक्षरांवर थांबतात. देवनागरीची अडचण वेगळी आहे.

कागदावर जाड स्केचपेनने शब्द लिहा, तो पारदर्शक प्लास्टिकच्या फाइलमध्ये सरकवा आणि वरून 2 नंबरच्या नोझलने गिरवा. खरवडा, पुन्हा गिरवा. आयसिंग सैल हवं. नोझल पृष्ठभागावर घासायचं नाही. सुरुवातीला टेकवा, मग साधारण एक सेंटिमीटर वर उचला आणि आयसिंगची तार खाली पडू द्या. जिथे वळायचं तिथे तार वळते, जिथे संपवायचं तिथे परत टेकवायचं. घासत काढलेली रेघ थरथरते, पडू दिलेली तार आपल्या वजनाने सरळ बसते.

आता शिरोरेखा. ती शेवटी, सगळी अक्षरं झाल्यावर काढा. अक्षरांची वरची टोकं थोडी वरखाली झालेली असली तर ती झाकली जातात. पण एकाच दमात ओढून नेऊ नका. 'अभिनंदन' लिहून बघा. 'भ'च्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते आणि त्याला गाठ असते. आयसिंग जाड असल्यामुळे गाठ भरून जाते, त्यात रेघही सलग गेली की वाचणाऱ्याला 'म' दिसतो. 'ध' आणि 'घ'चंही तेच. अशा अक्षरापाशी हात उचलायचा, फट सोडायची, मग पुढे जायचं.

दुसरी गोष्ट जागेची. सुरुवातीच्या काळात एका केकवर नाव लिहिताना माझं शेवटचं अक्षर कडेवरून खाली उतरलं होतं. ज्यांच्यासाठी केक होता त्यांनी काही म्हटलं नाही, पण मला ते आजही डोळ्यांपुढे दिसतं. तेव्हापासून मी आधी टूथपिकने ठिपके देते. 'अभिनंदन'मध्ये पाच अक्षरं, मधलं 'नं'. त्याची जागा केकच्या मधोमध ठरवायची आणि दोन्ही बाजूंना मोजून ठिपके द्यायचे. 'अ' रुंद असतो, 'द' आटोपशीर, हेही धरायचं. वेलांटी, मात्रा, रफार यांच्यासाठी वर आणि उकारासाठी खाली जागा सोडायची, म्हणजे बॉर्डर आत किती यायची हेही आधीच ठरतं. जोडाक्षरं पहिल्या महिन्यात शक्यतो टाळा.

सरावाच्या आयसिंगला रंग घालावा का?

बहुतेक वेळा नको. पांढऱ्यावर सावली पडते आणि आकारातली चूक स्पष्ट दिसते. रंगाचाच सराव करायचा असेल तर एक चमचा आयसिंगमध्ये टूथपिकच्या टोकाने जेलरंग घालून बघा आणि दोन-तीन तास ठेवा. रंग मुरून गडद होतो. लाल करताना बाटली रिकामी करण्याआधी ही वाट बघणं शिकायचं असतं. पातळ रंगाने आयसिंग सैल पडतं, हेही ध्यानात ठेवा.

केकच्या बाजू गुळगुळीत करण्याचा सराव कशावर?

सरळ बाजूंचा गोल डबा घ्या, वर झाकण सपाट असलेला. थर्मोकोलचा गोल ठोकळाही चालतो. त्याला क्लिंग फिल्म ताणून गुंडाळली की तो धुवावा लागत नाही. आयसिंग गरजेपेक्षा जास्त लावा आणि मग काढून टाका. कमी लावून पुरवत बसलं की खड्डे राहतात. स्क्रॅपर नसेल तर स्वच्छ धुतलेली स्टीलची पट्टी चालते. ती उभी, एका जागी स्थिर धरायची आणि फिरवायचा तो डबा. टर्नटेबल (केक ठेवून फिरवायचा स्टँड) घ्यायचं नसेल तर पालथ्या वाटीवर ताट ठेवूनही फिरवता येतं, पण खरं सांगायचं तर एखादीच वस्तू विकत घ्यायची असेल तर टर्नटेबल घ्या. गुळगुळीत बाजूंसाठी त्याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही.

रोज किती वेळ द्यावा?

पंधरा-वीस मिनिटं. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी, कारण तासाभराने मूठ दुखते आणि दुखऱ्या मुठीला दाब कळत नाही. एका बैठकीत एकच आकार. शेवटच्या ओळीचा फोटो काढून ठेवा, आठवड्याने पहिल्या फोटोशेजारी ठेवून बघा.

उरलेलं आयसिंग कसं ठेवायचं?

हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये, वर ठळक अक्षरांत 'सरावाचं, खायचं नाही' अशी चिठ्ठी लावून. इतक्या वेळा हाताळलेलं आयसिंग खाण्यालायक राहत नाही आणि घरातल्या मुलांना ते कळत नाही. काढल्यावर साध्या तापमानाला येऊ द्या, घोटा आणि वापरा. वास बदलला, केकचा चुरा मिसळला किंवा रंग मळला की टाकून द्या. बटाट्याचा लगदा त्याच दिवशी संपवायचा.

नोझल आणि बॅग धुताना सिंक तुंबतं, काय करावं?

आधी बॅग, ताट, स्पॅटुला कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाका. चरबी पाइपमध्ये जाऊन गोठते, म्हणून ती सिंकपर्यंत पोचूच द्यायची नाही. मग गरम पाणी आणि साबण. नोझल लहान ब्रशने आतून घासा आणि कपड्यावर पालथी ठेवून पूर्ण कोरडी करा, सांध्यात ओल राहिली की गंज धरतो.

रॉयल आयसिंग करणार असाल तर भांडी तुपाचा अंशही न राहता धुतलेली हवीत. अंड्याच्या पांढऱ्याचं ते आयसिंग चरबीने बसतं, फुगत नाही. त्यासाठी वेगळी बॅगच ठेवलेली उत्तम.

खऱ्या केकवर हात कधी घालावा?

ताटावरच्या एका ओळीत सलग दहा शेल तुमच्या मनासारखे आले की घाला. पहिल्या केकवर फक्त बॉर्डर काढा, गुलाब आणि नाव पुढच्या केकसाठी राहू द्या. शेजारी एक बशी ठेवा. बॅग भरल्यावर टोकाशी हवा असतेच, म्हणून पहिले दोन-तीन शेल त्या बशीत काढा, आणि दाब हाताला ओळखीचा वाटला की नोझल केकच्या मागच्या बाजूला टेकवून तिथून सुरुवात करा.